अमर पेशीची किंमत

धुळ्याचे माझे थोरले काका यकृताच्या कर्करोगाने गेले. जळगावहून एस.टी.ने त्यांना भेटायला जाताना एकच प्रश्न छळायचा: दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाला हा रोग का? तपासणीत जुनी हिपॅटायटिस-बीची लागण निघाली होती.

उत्तराचा एक धागा गुणसूत्रांच्या टोकांशी, टेलोमियरशी, सापडतो. पेशी विभागली की ही टोके पणतीच्या वातीसारखी आखूड होतात; फारच आखूड झाली की विभाजन थांबते. त्यांना पुन्हा लांबवणारे विकर म्हणजे टेलोमरेझ. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ मध्ये सापडले; २००९ च्या नोबेलमध्ये जॅक शोस्टाकही त्यांच्यासोबत होते. प्रौढ यकृतपेशींत हे विकर जवळपास निजलेले असते. वर्षानुवर्षांच्या सुजेत पेशी मरतात, नव्या होतात, टोके झिजतात. अशात एखादी बिघडलेली पेशी टेलोमरेझ जागे करते आणि थांबायचेच विसरते. यकृताच्या बहुसंख्य कर्कगाठींत ते जागे आढळते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू तर कधी कधी आपला डीएनए थेट टेलोमरेझच्या जनुकात घुसवतो.

टेलोमरेझ रोखून हा कर्करोग बरा करणारे औषध अजून हाती नाही. विषाणू रोखणारी लस मात्र आहे. पहिली मात्रा जन्मापासून २४ तासांत. काकांच्या नातीला ती दिली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.