दगडावरची नावे पुसली जाण्याआधी

जुळे सोलापूर वयाने तरुण आहे. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्यामधल्या माळावर गेल्या काही दशकांत वसाहती उभ्या राहिल्या आणि जिल्ह्यातून, तसेच सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेली कुटुंबे तिथे स्थिरावली. पणजोबांचे घर इथे क्वचितच कुणाचे असेल. त्यामुळे जुने सोलापूर पाहायचे झाले की इथला माणूस संभाजी तलावावरून शहरात शिरतो, भुईकोट किल्ला बघतो, सिद्धेश्वराचे दर्शन घेतो आणि परततो. दर्ग्यांभोवतीच्या कबरी, ख्रिस्ती दफनभूमीतले क्रूस, लिंगायतांच्या रुद्रभूमीतल्या समाध्या आणि आसपासच्या गावांतले वीरगळ या वाटेवर येत नाहीत. ही स्थळे पाहायला हवीत, आणि पाहताना प्रत्येक शिळेचे नीट छायाचित्र घ्यायला हवे. यातल्या बहुतेक मजकुराची दुसरी प्रत कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आपल्याकडे दहन होते, थडगी पाहत फिरणे ही परक्यांची रीत. सोलापूरपुरते तरी हे खरे नाही. या शहराचे हृदयच एक समाधी आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन, कन्नड वचनकार सिद्धरामेश्वर यांची योगसमाधी सिद्धेश्वर तलावातल्या मंदिराच्या आवारात आहे आणि तिचे दर्शन घेतल्याशिवाय अनेक सोलापूरकरांचे शुभकार्य सुरू होत नाही. शहरातला मोठा लिंगायत समाज आपल्या मृतांना भूमीतच ठेवतो. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत देवळाजवळ वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची मांडणी. शेजारी काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळाही दिसते. मृताची आठवण दगडावर ठेवण्याची सवय इंग्रजांच्या आधी कितीतरी शतके या मातीत होती.

सिद्धरामेश्वरांच्या समाधीशी एक कथा जोडलेली आहे, आणि ती या विषयाचे मर्म सांगते. एका कुंभारकन्येने सिद्धरामांना मनाने वरले. योगी विवाह करणार नव्हते. पण तिचा आग्रह पाहून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली. म्हणून आजही संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज मिरवत निघतात, सिद्धरामांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर ती कन्या प्रतीकरूपाने अग्नीत प्रवेश करते. तिचे नाव कोरलेली शिळा नाही. तरी ती विसरली गेली नाही, कारण तिची आठवण दरवर्षी खांद्यावर वाहणारी घराणी आहेत. मोठ्यांचेही असेच. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे पुतळे भर चौकात आहेत. ज्यांच्यासाठी यात्रा नाही आणि पुतळाही नाही, अशा सामान्य माणसांचे सगळे अस्तित्व मात्र दोन फुटांच्या दगडावर टिकून असते. मे 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला, मग छावणी आली, 1860 मध्ये रेल्वे, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी, शतकाच्या अखेरीस प्लेग. ही जंत्री शाळेतही पाठ होते. त्या घडामोडींत कोण कोणत्या वयात मेले, कुठून आले होते आणि त्यांच्यामागे कोण रडले, हे मात्र दफनभूमीतच वाचायला मिळते.

पण दगड काही अमर नाही. काळा पाषाण टिकतो. मात्र त्यावर बारीक अक्षरे कोरणे कठीण असते. संगमरवर कोरायला सोपा, पण पावसाने तो झिजतो. जुन्या संगमरवरी पाट्यांवर अक्षराची खाच कोरून, तिच्यात बारीक भोके पाडून शिसे ठोकून बसवत. शिसे निखळले किंवा चोरीला गेले तरी नुसत्या भोकांच्या रांगेवरून नाव लावता येते, इतकी त्या कारागिराची बैठक पक्की असे. शिळाच उचलून कुणी पायरीला लावली, तर मग काहीच उरत नाही. पुण्याजवळच्या खडकी युद्ध दफनभूमीत पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. भारतात मरण पावलेल्या, पण ज्यांच्या कबरींची निगा राखणे पुढे शक्य राहिले नाही, अशा 1800 हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. त्यांतल्या 629 जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून 1962 मध्ये तिथे आणले गेले. युद्धकबरी सांभाळणाऱ्या, साधने असलेल्या संस्थेलाही विखुरलेल्या कबरी सांभाळता आल्या नाहीत. नावे मात्र वाचली, कारण त्यांची नोंद झालेली होती. म्हणून क्रम हाच हवा: आधी नोंद, मग डागडुजी. डागडुजीला निधी लागतो, नोंदीला मोबाइल पुरतो.

मात्र ती नोंद शिस्तीने व्हायला हवी. भर दुपारी समोरून घेतलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत; सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन किंवा बाजूने आरशाने टाकलेला उजेड त्यांना उठाव देतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा रंग फासू नये. तारेचा ब्रश आणि आम्ल यांनी दगड कायमचा बिघडतो. मऊ कुंचला आणि साधे पाणी एवढेच पुरे. पूर्ण शिळा, मजकूर आणि भोवतालची जागा अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, आणि मजकूर आहे तसा, चुकांसह उतरवून घ्यावा.

आता उरलेले आक्षेप. इंग्रज राज्यकर्त्यांच्या कबरी आपण का जपाव्यात? याला सोलापूरनेच उत्तर देऊन ठेवले आहे. याच शहरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले आणि श्जियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. परक्या देशाने आपल्या मुलाची समाधी जपली याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. मग आपल्या मातीत निजलेल्या परक्यांविषयी वेगळा न्याय लावता येणार नाही. शिवाय ख्रिस्ती दफनभूमीत केवळ साहेब नाहीत. पहिला वाढदिवसही न पाहिलेली तान्ही मुले आणि आपली मराठी ख्रिस्ती माणसेही आहेत. दुसरा आक्षेप पावित्र्याचा, आणि तो रास्त आहे. जमात, चर्च, समाजाचे पंच यांची परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा काढू नये, अंत्यविधी चालू असताना तर नाहीच, आणि अलीकडच्या कबरी सोडून द्याव्यात. त्यांच्यावर घरच्यांचा हक्क आहे. तिसरा आक्षेप जागेचा. वाढत्या शहरात जुन्या जागी नवे दफन होणारच, जिवंतांच्या गरजा नाकारता येत नाहीत. पण म्हणूनच जुनी शिळा हलण्याआधी ती टिपून ठेवण्याची निकड वाढते.

हे काम जुळे सोलापूरच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी वाचणारी मुले इथे एकाच वर्गात बसतात. अनेक लिप्यांत लिहिलेले हे शहर वाचायला दुसरे कुणी इतके लायक नाही. प्रत्येक वर्गाने दरवर्षी एकच दफनभूमी किंवा एकाच गावचे वीरगळ घेतले आणि नोंदींची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दुसरी त्या स्थळाच्या विश्वस्तांकडे ठेवली, तरी दुसरी प्रत नसलेल्या या दस्तऐवजाला अखेर दुसरी प्रत मिळेल.