द्रोणागिरीची पहिली चढण

उरण हे एकेकाळी खाड्यांनी वेढलेले बेट होते. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव करंजा. भराव आणि बंदरामुळे आज हे ध्यानातही येत नाही. मित्रांसमवेत दोन-तीन दिवस येथे पायी भटकायचे, तर पहिला मान द्रोणागिरीचाच. डोंगर फारसा उंच नाही आणि तेथेच फसगत होते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. तो वाळल्यावाचून शरीर थंडावत नाही. पहिल्याच दुपारी कोणी आडवा झाला, तर उरलेले सारे बेत कोलमडतात. म्हणून सकाळी नऊपूर्वी माथा गाठावा, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. चाल मात्र सर्वांत मंद मित्राची असावी, मग इतरांनी कितीही कुरकुर करो! जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन माथ्यावरून निवांत पाहता येतात.