हात दोनच

स्वयंपाकघरातल्या प्लगातून एक्स्टेंशन ओढून मी दोन वर्षं मागच्या शेडमध्ये सुतारकाम केलं. करवत सुरू झाली की घरातले दिवे मिचकायचे आणि आईची हाक यायची, "अरे, मिक्सर बंद पडला!" शेवटी वायरमनकाकांना बोलावलं. घर वाईजवळ, मीटरपासून शेड ३५ मीटर.

सगळ्या मोटारींची बेरीज मी कागदावर करून ठेवली होती. काकांनी ती बघितलीच नाही. "एका वेळी चालवणार काय काय ते सांगा. हात तर दोनच." खरंच, रंधा आणि करवत मी एकदम कधीच चालवत नाही. करवतीच्या जोडीला असतो तो भुसा ओढणारा ब्लोअर. दोन एचपीची करवत साधारण ११ अँपिअर, ब्लोअर ६, दिवे-पंखा १. झाले १८.

मग अडीच स्क्वेअरची वायर पुरे, असं मला वाटलं. पण मोटार उठताना पाच-सहा पट करंट खेचते. ६० अँपिअर धरले तर जाता-येता ७० मीटर तांब्यात ३१ व्होल्ट जिरतात. आमच्याकडे संध्याकाळी २३०चे २०० होतात. त्यातून एवढे गेले की मोटार नुसती घुमत राहणार आणि तापणार. सहा स्क्वेअरमध्ये तेच १३ व्होल्ट. फरकाचे पैसे जड वाटले, पण दिले. महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्जही केला.

दिव्यांची लाइन काकांनी वेगळी काढली. करवतीची एमसीबी पडली तरी अंधार नको. पातं फिरतच असतं. करवतीला नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर, म्हणजे गेलेली लाइट आली तरी करवत आपोआप सुरू होत नाही. लाइट जाते, माणूस अडकलेली फळी सोडवायला हात घालतो आणि लाइट येते, हे त्यांनी एका कारखान्यात बघितलंय. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या पाण्यावर घेतला, कारण आमचा मुरूम मेमध्ये ठक्क कोरडा पडतो. पाइप, कोळसा, मीठ. त्यावरही भरवसा न ठेवता ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलीच.

मीटरपासून शेडपर्यंतचा केबलचा चर पाऊण मीटर खोल. तळाला वाळू, मग आर्मर्ड केबल, पुन्हा वाळू, वर विटा. पुढे कुणाची पहार पडली तर आधी विटेवर पडावी. शेजारून काकांनी एक रिकामा पाइपही टाकला, आत नायलॉनची दोरी सोडून. "कशाला?" म्हटलं. "काहीतरी आठवेलच तुम्हाला," म्हणाले आणि माती लोटायला लागले.