आपली कॉलनी सुरक्षित आहे का?

आजचा विषय माझा नाही, तुमचाच आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागात दोन बंद घरं फोडली गेली. सकाळी फिरताना एकानं मला थांबवून विचारलं, "सर, आपली कॉलनी सेफ हाय का न्हाई, ते सांगा एकदा." चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे न्हाव्याला दाताचं औषध विचारण्यासारखं आहे. पण प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. ते सुटे करणं हे मात्र आमचंच काम.

पहिला प्रश्न गुन्हे किती होतात हा. पेपरात येतं, अमुक ठिकाणी गुन्ह्यांचा दर वाढला. हा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागं नोंदवलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल काढतो, त्यात हे आकडे असतात. माझा भर 'नोंदवलेले' या शब्दावर आहे. झालेले आणि नोंदवलेले यांत अंतर असतं, आणि कधी कधी ते फार मोठं असतं.

माझंच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या गर्दीत माझ्या खिशातून मोबाईल गेला. गेला म्हणजे कुणीतरी काढून घेतला, मला हात जाणवला होता. तक्रार द्यायला गेलो. समोरच्यानं नम्रपणानं सांगितलं, "काका, गहाळ म्हणून लिहून द्या, सिमकार्ड लगेच मिळंल." मी लिहून दिलं. सही माझी आहे, कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. पण त्या दिवशी कोल्हापुरातली एक चोरी कमी झाली आणि एक विसरभोळा म्हातारा वाढला!

खरं तर दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 2013 चा निकाल आहे, ललिता कुमारी खटल्यातला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं फिर्यादीची प्रत फुकट मिळते, आणि ठाण्यानं नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? हात वर करू नका, मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून आकडा वाढला की लगेच घाबरू नये. केरळचा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा दर वर्षानुवर्षं देशात वरच्या क्रमांकांत असतो. तिथं रस्तोरस्ती दरोडे पडतात असं नाही. तिथं लोक तक्रार करतात आणि ती लिहून घेतली जाते, हे त्यामागचं मोठं कारण. आणखी एक गंमत. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर या मोजणीत त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच धरतात. घरफोडीत खून झाला, तर मोजला जातो खून.

आता आपल्या उपनगराकडं येऊ. समजा कॉलनीत दोन हजार माणसं आहेत. वर्षात एक घरफोडी झाली तर दर झाला लाखामागं 50. पुढच्या वर्षी तीन झाल्या की 150. 'घरफोड्या तिप्पट' असा मथळा तयार! तीनही एकाच टोळीनं एकाच रात्री केल्या असतील, हे त्या दरात कुठंच दिसत नाही. आणि ही दोन हजार माणसं तरी कुणी मोजली? शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोक होते. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव त्यात धरलेलेच नाहीत. राहणीनं आपण शहरवाले, कागदावर ग्रामपंचायतवाले. महापालिका 1972 ला झाली, आणि हद्दवाढीचं भांडण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पाचगावची तक्रार करवीर ठाण्यात जाते, उचगावची गांधीनगरला. रस्त्यावरचा दिवा गेला तर ग्रामपंचायतीला सांगायचं. हद्दीच्या रेषेवर राहणाऱ्याचा आकडाही असा विखुरतो, आणि त्याची दादही.

दुसरा प्रश्न भीतीचा. तो आकड्यानं सुटत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यानं 1651 च्या 'लेव्हायथन'मध्ये वाचकाला टोकलं आहे. कायदा आहे, अधिकारी आहेत, तरी तू झोपताना दाराला कडी लावतोस आणि घरात असून पेटीला कुलूप लावतोस. मग शेजाऱ्यांबद्दल आणि पोरांबद्दल तुझं मत काय म्हणायचं? हॉब्जचा सगळा सिद्धान्त मला पटत नाही, पण हा प्रश्न बोचतो. पेठेत वाढलेल्यांना आठवत असेल, तालमीच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. अनोळखी माणूस आला की "कुणाकडं आलाय?" एवढं विचारायचं, आणि घर दाखवायला सोबतही जायचं. उपनगरात आपण कंपाउंड उंच केलं, कॅमेरा लावला आणि विचारणारं माणूस घालवलं.

मग भीती कुठं वळते? ओळखीची नसलेली, गरीब दिसणारी माणसं शोधते. आमच्या ग्रुपवर झाडू विकणाऱ्या एका माणसाचा फोटो फिरला, खाली लिहिलेलं 'संशयित, सावध राहा'. तो सहा-सात वर्षं येत होता. आमच्या घरातला झाडू त्याचाच. त्यानंतर तो आला नाही.

याच गावात हे बोलताना मला लाज वाटते. ब्रिटिशांनी 1871 ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि तो रद्द व्हायला 1952 उजाडलं. गावोगाव काही जातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. कुठं चोरी झाली की आधी त्यांनाच धरत. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला वसवलं आणि पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांच्यापासून राखायचं असं सगळे म्हणत होते, त्यांच्याच हाती राखण दिली! पोट भरायची सोय झाली तर माणूस चोरी कशाला करील, इतका साधा त्यांचा हिशोब होता. आपण मोबाईलवर पुन्हा हजेरी सुरू केली आहे, फक्त ज्याची हजेरी घेतोय त्याला ते कळतही नाही.

पुढच्या रविवारी कॉलनीची बैठक आहे. गेट बसवायचं आणि फेरीवाल्यांना बंदी घालायची, असे दोन ठराव आहेत. गेटला माझा विरोध नाही. फेरीवाल्यांच्या ठरावावर मी बोलणार आहे. तिसरा विषय मी लेखी दिलाय, मागच्या गल्लीतले चार दिवे पावसाळ्यापासून बंद आहेत. फोडलेली दोन्ही घरं त्याच गल्लीतली.