विश्लेषण : कापूस विकायचा की ठेवायचा? निर्णयाआधीच्या पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो?

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक घरांत बसायला जागा उरत नाही. वेचून आणलेला कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला असतो. लेकरं त्यावरच लोळतात, अंगाला खाज सुटते आणि घरात रोज तोच प्रश्न फिरतो : आज विकायचा की आणखी थांबायचं? जूनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पहिल्या पावसावर पेरायचं की दुसऱ्याची वाट पाहायची? उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, तरी निर्णय घ्यावाच लागतो. अशा वेळी ध्यान आणि चिंतन खरोखर उपयोगी पडतं का, की तो पोट भरलेल्यांचा सल्ला आहे?

निर्णय इतका अवघड का होतो?

जिल्ह्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे. पाऊस, बोंडअळी आणि भाव या तीनही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात नाहीत. त्यात आठवण दगा देते. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी तोच आकडा डोक्यात धरून अनेकांनी कापूस घरात ठेवला. भाव काही दहा हजारांवर परतला नाही, उन्हाळ्यापर्यंत उलट उतरत गेला. थांबणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण आदल्या वर्षी थांबलेल्यांनाच चार पैसे जास्त मिळाले होते. गेल्या वर्षीचा अनुभव यंदाचा नियम समजला गेला, अडचण एवढीच होती.

ताण असताना डोकं वेगळं चालतं का?

याचं उत्तर देणारा एक अभ्यास तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झाला. ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी आणि पैसा हाती आल्यानंतर अशा दोन वेळा विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या गेल्या. माणसं तीच होती. तरीही हात रिकामे असताना त्यांचे गुण कमी आले, पैसा आल्यावर सुधारले. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. उधारी, मुलीची फी, बँकेची नोटीस या गोष्टी सतत मागे चालू असतात आणि डोक्यातली जागा खातात. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत नीट विचार करायला हवा, नेमक्या त्याच दिवशी तो होत नाही. दोष बुद्धीचा नसतो, भाराचा असतो.

मग पंधरा मिनिटांत काय होतं?

शांत बसून श्वासाकडे लक्ष देणं, ही ध्यानाची सगळ्यात साधी रीत. मन भरकटतं. भरकटलं हे लक्षात आलं की परत श्वासावर आणायचं. विपश्यना परंपरेत याला आनापान म्हणतात आणि इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात त्यानेच होते. श्वास संथ झाला की हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर सावध पवित्र्यातून बाहेर येतं. इतकं तर अनेकांना अनुभवाने माहीत असतं.

निर्णयाशी याचा संबंध तपासणारा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पंधरा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवायला लावलं, इतरांना मन मोकळं सोडायला सांगितलं. नंतर दोघांनाही असे प्रश्न दिले, ज्यांत आधीच पैसा बुडालेला होता आणि आणखी घालायचा की थांबायचं हे ठरवायचं होतं. ध्यान केलेले लोक बुडालेल्या पैशाच्या मागे धावण्याचं प्रमाण कमी होतं. कारण तेवढ्या वेळात त्यांचं मन मागच्या-पुढच्या गोष्टींत कमी अडकलं होतं. प्रयोगातले लोक शेतकरी नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवं. पण ‘एवढा खर्च केला, आता एक फवारणी आणखी’ हे वाक्य वावरात किती वेळा ऐकू येतं, हे यवतमाळच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

नुसतं डोळे मिटून भागतं का?

नाही. भाव काय निघेल, हे ध्यान सांगत नाही. ते फक्त डोकं थोडं रिकामं करतं, आणि त्या रिकाम्या जागेत चिंतन करावं लागतं. इथे वही-पेन लागतो.

कापसाच्या बाबतीत एक प्रश्न फार कामाचा आहे. घरात कापूस नसता आणि त्याच्या किमतीएवढी रोकड हातात असती, तर आजच्या भावाने हाच कापूस विकत घेऊन ठेवला असता का? उत्तर ‘छे, कशाला’ असं आलं, तर ठेवण्यामागे हिशेब कमी आणि आशा जास्त आहे.

मग थांबण्याची किंमत मांडायची. समजा घरात वीस क्विंटल कापूस आहे आणि कृषी केंद्राची वा सावकाराची एक लाखाची उधारी महिना दोन टक्क्यांनी चालू आहे. चार महिन्यांचं व्याज आठ हजार. म्हणजे क्विंटलमागे चारशे रुपये भाव वाढला, तर शेतकरी जिथे होता तिथेच राहतो. कापूस वाळून वजन घटतं ते वेगळं. २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. सीसीआयच्या खरेदीत पूर्ण दर आठ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांवर माल घेतला जात नाही. हे आकडे कागदावर आले की अर्धी धडधड तिथेच कमी होते. अर्धा आता विकून अर्धा ठेवणं हाही निर्णयच आहे, भित्रेपणा नाही.

पेरणीचं तर पाऊस येण्याआधीच लिहून ठेवलेलं बरं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजारच्या वावरात तिफण चालू झाली की हा आकडा कुणाला आठवत नाही. मेमध्ये शांत डोक्याने भिंतीवर लिहिलेला आकडा जूनच्या घाईत दुबार पेरणीपासून वाचवू शकतो. हा हिशेब घरधनिणीला सोबत घेऊन करावा. कापूस वेचते ती, किराण्याची उधारी ठाऊक असते तिला. तरी विक्रीच्या दिवशी तिला विचारायची रीत अजून फारशी नाही.

हे सगळं बाहेरून आलेलं आहे का?

मुळीच नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोझरी इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांनी लोकांना पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना अशी दोन वेळची सवय लावली. गुरुदेव सेवा मंडळांमुळे ती विदर्भातल्या गावोगावी पोहोचली आणि यवतमाळमध्येही अनेक गावांत टिकून आहे. त्यांच्या ग्रामगीतेत शेती, ग्रामसफाई आणि गावाचा कारभार हे विषय अध्यात्मापासून वेगळे काढलेले नाहीत. महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत जमलेला प्रचंड जनसमुदाय दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी स्तब्ध उभा राहतो. वेचणीच्या दिवसांत एवढी माणसं एकदम गप्प होतात, हे पाहण्यासारखं असतं.

यात ‘सामुदायिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्याने बसलेल्या माणसाची चिंता कधीकधी घट्टच होत जाते. प्रार्थनेला रोज येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर कुणीतरी त्याच्या दारात जाऊन विचारतं. कोणत्याही मोबाइल ॲपला हे जमलेलं नाही.

ध्यान कुठे पुरत नाही?

कर्ज, पडलेला भाव आणि उशिरा मिळणारी विम्याची रक्कम यांवर श्वास हा उपाय नाही. ‘मन शांत ठेवा’ असं सांगून धोरणाची जबाबदारी झटकता येत नाही. दुसरं, ध्यान सगळ्यांना सारखं मानवत नाही. काहींची बेचैनी बसल्यावर वाढते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचं शिबिर करू नये, असं विपश्यना केंद्रंच सांगतात. झोप उडाली, जेवण सुटलं, माणूस बोलेनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असं म्हणू लागला, तर त्याला ध्यानाला बसवू नये. सोबत बसावं आणि डॉक्टरकडे न्यावं.

शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५-१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ होतं. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तणावाखालची माणसं ओळखायची आणि त्यांना उपचारापर्यंत न्यायचं, ही त्याची रचना होती. ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या दुसऱ्या कुणासाठी विचारायचं असेल, तरी याच क्रमांकावर फोन करता येतो.