तळ्यातले हिरवे पाणी आणि निळा दिवा

मालवण, कुडाळ, सावंतवाडी या भागात पर्यटन वाढले, तशी घरगुती निवासांच्या अंगणात आणि हॉटेलांच्या आवारात छोटी शोभेची तळीही दिसू लागली. चार-पाच ओळी चिरे रचायचे, आतून सिमेंटचा गिलावा द्यायचा आणि लाल, पांढरे, केशरी कोई मासे सोडायचे. कुडाळ तालुक्यात मुळदे येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रात शोभिवंत माशांवर काम चालते. पूरक धंदा म्हणूनही काही तरुण या माशांकडे वळले आहेत. पण तळे भरून महिना-दोन महिने झाले, की तक्रार एकच असते. पाणी हिरवेगार झाले, मासे दिसत नाहीत! मग कोणीतरी सल्ला देतो, ‘यूव्ही फिल्टर बसवा.’ हे उपकरण नेमके काय करते आणि काय करत नाही, ते आज पाहू.

पाणी हिरवे होते ते डोळ्यांना सुटे न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे. त्याला दोनच गोष्टी लागतात: ऊन आणि खत. ऊन आपल्याकडे भरपूर. खत आपणच घालतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट आणि खाद्यातील स्फुरद म्हणजे शेवाळाची मेजवानीच.

हिरवे पाणी केवळ दिसायला वाईट असते असे नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेही माशांसारखाच प्राणवायू वापरते. त्यातच पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंश तापमानाला एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशाला साडेसातच. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ती धोक्याची सूचना समजावी.

आता दिव्याकडे वळू. नाव ‘फिल्टर’ असले तरी हे उपकरण काहीच गाळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात असतो तसाच हा अतिनील किरणांचा दिवा असतो. तो क्वार्ट्झ काचेच्या नळीत बसवलेला असतो आणि त्या नळीभोवतून पंपाने पाणी फिरवले जाते. दिव्याच्या किरणांची तरंगलांबी सुमारे २५४ नॅनोमीटर असते. सूर्याकडूनही असे किरण निघतात, पण ओझोनचा थर ते वरच अडवतो. त्यामुळे कोकणातले कडक ऊनही हे काम करू शकत नाही. हे किरण शेवाळाच्या पेशीतील डीएनएवर घाव घालतात. पेशीचे विभाजन थांबते, मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि ते स्पंजात अडकतात. म्हणजे दिव्याच्या पुढे चांगला गाळणा हवाच, आणि तो वरचेवर धुवायलाही हवा. हे जमले तर आठ-दहा दिवसांत तळ दिसू लागतो. फ्रान्समधील मार्सेय शहरात १९१० मध्येच पिण्याच्या पाण्यासाठी ही युक्ती वापरली गेली होती.

दिवा केवढा घ्यावा? दर चार हजार लिटरमागे दहा वॅट, हा ढोबळ हिशेब. तळे भर उन्हात असेल तर थोडा अधिक. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल तळ्यात सहा हजार लिटर पाणी मावते. त्याला अठरा वॅटचा दिवा पुरतो. तो चोवीस तास चालवला तर महिन्याला सुमारे तेरा युनिट वीज लागते. पंपाची वीज वेगळी. सगळे पाणी साधारण दोन तासांत एकदा दिव्याजवळून जावे. पाणी फार वेगाने पळवले तर किरणांना काम करायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण आहे. जांभ्याच्या जमिनीतील काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. त्याचा तांबूस थर क्वार्ट्झच्या नळीवर बसतो आणि किरण आतच अडतात. अधूनमधून दिवा बंद करून नळी व्हिनेगरने पुसून घ्यावी. दिवा निळा दिसतो म्हणजे तो काम करतोच, असेही नाही. आठ-नऊ हजार तासांनी, म्हणजे सुमारे वर्षभराने, उजेड तसाच राहतो, पण किरणांची ताकद उतरते. तेव्हा दिवा बदलावा. त्यात पारा असल्याने जुना दिवा फोडू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. पाणी आणि वीज जवळजवळ असल्याने जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच.

भिंतीला चिकटलेले, दोऱ्यासारखे लांब शेवाळ या दिव्याने जात नाही, कारण ते दिव्यापर्यंत पोचतच नाही. ते हातानेच काढावे लागते. अमोनियाही दिव्याने कमी होत नाही. त्यासाठी जिवाणूंचा जैविक गाळणाच हवा. आणि पिल्ले वाढवणाऱ्याने तर संगोपनाच्या टाकीला दिवा लावूच नये. तिथले हिरवे पाणी पिल्लांच्या सूक्ष्म खाद्याचा आधार असते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर जिल्ह्यात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दिवा बंद राहिला तर फक्त पाणी हिरवे होईल. पण हवा देणारा पंप बंद पडला तर मासेच जातील. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील, तर ते आधी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपावर खर्च करावेत. मासे मोजकेच सोडावेत, पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, अर्ध्या तळ्यावर सावली करावी. एवढे करूनही पाणी हिरवे राहिले, तर दिवा जरूर घ्यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)