वाळू धुण्याचा प्लांट टाकताय? मग आधी गढूळ पाण्याचं बजेट करा

2025 मध्ये राज्य सरकारने एम-सँडचं धोरण आणलं, तेव्हापासून कुही-उमरेड भागातून एकच विचारणा: "सर, वॉशिंग प्लांट टाकू का?" मशीनचं कोटेशन हातात असतं. धुतल्यावर निघणाऱ्या गढूळ पाण्याचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "खड्डा खोदू, बसेल गाळ."

नाही बसत! हिशोब बघा. 100 मायक्रॉनचा दगडाचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण 2 मिनिटं घेतो. 10 मायक्रॉनचा 3 तास. आणि 1 मायक्रॉनचा? जवळपास 13 दिवस. आकार दहापट लहान झाला की वेळ शंभरपट. त्यात बारीक कणांवर बहुधा ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तरंगतच राहतात. खड्डा नुसता खोल करूनही भागत नाही. कण बसायला खोली नाही, पसरट जागा लागते.

यावरचा उपाय आपल्या आजीच्या माठात होता. तुरटी. ती भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. मोठ्या खाणींमध्ये हेच काम पॉलिमर टाकून थिकनर नावाच्या गोल टाकीत करतात. वरचं स्वच्छ पाणी परत प्लांटला, खालचा घट्ट चिखल फिल्टर प्रेसला. प्रेसमधून वड्यांसारखा गाळ निघतो, ट्रॉलीत भरता येतो. पण पॉलिमर जास्त झालं किंवा पाणी जोरात ढवळलं तर गठ्ठे पुन्हा फुटतात. इथे हात सैल सोडू नका.

"एवढा खर्च कशाला, साठवून ठेवू" म्हणणाऱ्यांसाठी: जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध पावसात फुटला. राखेचं पाणी शेतांत शिरलं, कन्हान नदीपर्यंत गेलं. ही कन्हान पुढे आपल्याच तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. तुमचा खड्डा त्यापुढे चिमुकला, पण खालच्या बाजूला शेत कोणाचं आहे ते बघितलं का?

आता काम. ज्या क्रशरची चुरी घेणार, तिचं धुतलेलं पाणी तीन बाटल्यांत भरा. एक तशीच ठेवा, एकीत थोडी तुरटी, एकीत पॉलिमरचं पातळ द्रावण. किती मिनिटांत पाणी नितळतं ते लिहून ठेवा. तोच कागद घेऊन मशीनवाल्याकडे जा आणि कोटेशनमध्ये पाण्याचा खर्च वेगळा लिहून मागा.